नफीसा मॅडम आणि पाण्यातला धातू

नफीसा मॅडम चहा संपला की कपात घोटभर पाणी घालायच्या, कप गोल फिरवायच्या आणि ते पाणीही पिऊन टाकायच्या. कॅन्टीनमधल्या पोरी तोंड फिरवून हसायच्या. मॅडम हे तळाला राहिलेल्या साखरेसाठी करत नव्हत्या, त्यांना साखर चालतच नव्हती. ताटात वरणाचा ओघळ दिसला तर तो भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायच्या. खोकल्याच्या औषधाची संपलेली बाटली खिडकीत उलटी ठेवलेली असायची, झाकणात शेवटचे थेंब जमावेत म्हणून.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत त्या केमिस्ट होत्या. कंपनीच्या अगदी मागच्या अंगाला सांडपाण्याची शेड होती, ती त्यांच्याकडे. मी त्या शेडमध्ये ठेकेदाराच्या माणसांतली झाडलोट करणारी बाई. आता त्यांचं नाव कंपनीत कुणी काढत नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला रसायनांचं काय कळणार. त्यांनी जे समजावलं आणि मी जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच यात आहे.

पन्नाशीच्या आसपासच्या, सडपातळ. ओढणी खांद्यावरून घसरू नये म्हणून तिला कागदांना लावायचा काळा चिमटा लावलेला. चष्म्यावर कंपनीचा दुसरा मोठा चष्मा. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उजेडाकडे धरून बघायच्या. नळीतलं पाणी तर बघायच्याच, पण एकदा माझ्या हातातली बांगडीसुद्धा बसल्या जागी खिडकीकडे फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "बुडबुडा आहे आत. इथंच फुटेल." आठवड्यानं ती तिथंच फुटली. मी सांगितलं नाही. त्यांना फार आनंद झाला असता.

मी त्या शेडमध्ये नवीन होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी मला जवळ बोलावलं, काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळलं.

"मीठ कुठं गेलं, कलाबाई?"

"पाण्यात गेलं."

"गेलं नाही. विरघळलंय. गेलं म्हणालं की माणूस शोधत नाही."

मग त्यांनी सांगितलं, की आपल्या कंपनीत एक औषध बनताना त्यात एक धातू टाकावा लागतो. तो औषधात उतरत नाही, नुसतं काम घडवून आणतो आणि बाजूला होतो. बराचसा गाळून परत मिळतो. पण थोडा थोडा पाण्यात विरघळतो आणि ते पाणी आपल्या शेडमध्ये येतं. दिसत नाही, वास नाही. भाव मात्र सोन्याच्या पंगतीतला. पॅलेडियम त्याचं नाव. मला ते नाव पाठ व्हायला फार दिवस लागले.

"आणि ते सगळं आपण वाहून देतो?" मी विचारलं.

"हौ. रोज."

हे 'हौ' त्यांच्या बोलण्यात मध्येच यायचं. मराठी चांगलं बोलायच्या, पण राग आला की किंवा थकल्या की त्यांच्या घरची दखनी बाहेर पडायची. त्या जुन्या शहरातल्या, शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांचे आजोबा न्यारिये होते. न्यारिया म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन धुणारा माणूस. सराफ्यातला केर, दुकानांपुढच्या नालीतली माती, हे सगळं घरी आणायचं, परातीत घेऊन हलवत हलवत धुवायचं. माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. मग त्याला पारा लावायचा, सोनं पाऱ्याला चिकटतं. म्हातारपणी आजोबांचे हात थरथरायचे, ते वयानं नाही, पाऱ्यानं, असं मॅडम सांगायच्या. शाळेत पोरी त्यांच्या शेजारी बसायच्या नाहीत, नालीवाल्यांची पोर म्हणून. त्यांनी हे सांगितलं ते रडत नाही. डबा खाता खाता, लोणच्याची फोड निवडत.

कंपनीतही कुणीतरी ते काढलंच. आमचे प्लांट मॅनेजर कदम साहेब तसे वाईट माणूस नव्हते, पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, सराफ्यातली नाली वेगळी आणि आपली नाली वेगळी."

"हौ साहेब," मॅडम म्हणाल्या, "ती स्वच्छ होती."

कदम साहेबच आधी हसले.

मॅडमनी शेडमध्ये एक काचेचा कॉलम उभा केला होता. माणसापेक्षा उंच, मांडीएवढी जाड नळी. तिच्यात मोहरीएवढे बारीक मणी भरलेले, मधाच्या रंगाचे. पाणी वरून आत सोडायचं, मण्यांमधून झिरपून खाली यायचं. येता येता पाण्यातला धातू मण्यांना धरून बसायचा. मणी हळूहळू तपकिरी होतात आणि भरले की काळे. काळे झाले की काढून ठेवायचे. पुरेसे साठले की ते जाळून त्यातून धातू काढून देणारे लोक मुंबईकडे आहेत, त्यांच्याकडे पाठवायचे.

सांगायला इतकं सोपं. पण पहिल्या वर्षी ते पाणी त्यांना सारखं हरवायचं. कधी गरम यायचं आणि मणी फुगून फुटायचे. कधी त्यात चिकट काहीतरी यायचं आणि सगळे मणी एकमेकांना धरून खडीसाखरेसारखा गोळा व्हायचा. तो गोळा मी आणि मॅडम लाकडी काठीनं फोडायचो. फोडून झालं की त्या म्हणायच्या, "चला, आज हे नक्को म्हणालं. उद्या परत विचारू."

एकदा मणी भराभर रंगले. आमचा फिटर रावसाहेब, वैजापूरकडचा, तोंडाळ माणूस. तो कॉलमपुढं उभा राहून म्हणाला, "मॅडम, आला की तुमचा धातू. पेढ्याचं बघा आता."

मॅडमनी एक मणी नखावर घेतला, खिडकीत नेला, बराच वेळ पाहिला.

"गंज आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड बसलंय आपल्या जागेवर."

"म्हंजी?"

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. तुमच्या लोखंडी पाइपाचा गंज आधी येऊन बसला. माझा माणूस दारातच उभा राहिला आणि तसाच उतरून गेला."

"मी नाय रुमाल टाकत," रावसाहेब म्हणाला. "मी टोपी टाकतो. रुमाल लोक उचलून फेकतेत."

मॅडमना हसू आलं, पण सगळे मणी वाया गेले होते. पाइप बदलून प्लास्टिकचे बसवायला वरून सही हवी होती. ती मिळायला पावसाळा गेला. त्या रोज कदम साहेबांच्या केबिनपुढं उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. बसलं की माणूस चहा पाजतो आणि पाठवून देतो, असं त्यांचं म्हणणं.

पाइप बसले त्याच सुमारास एक बोलणं झालं. मी केबिनबाहेरची फरशी पुसत होते, दार उघडंच होतं.

"मॅडम, तुमचे रिपोर्ट मी वर पाठवतो," कदम साहेब म्हणत होते. "मोठे साहेब वाचत नाहीत. त्यांच्या हातावर काहीतरी ठेवा. मग मोठे कॉलम घेऊ, वेगळी शेड बांधू, तुम्ही म्हणाल ते."

"ठेवते. पुढच्या दिवाळीच्या आत धातू त्यांच्या हातावर ठेवते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कॉलम काढून टाका."

"मी तसं म्हणत नाही."

"मी म्हणते," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्या ओल्या फरशीवर पाय दिला आणि लगेच मागं घेतला. चपला हातात घेऊन कडेकडेनं गेल्या.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. पाणी आता थंड करून यायचं, गाळून यायचं. मणी वरून काळे व्हायला लागले. काळ्याची रेघ रोज थोडी खाली सरकायची. मॅडम सकाळी बसमधून उतरल्या की हजेरी द्यायच्या आधी शेडमध्ये यायच्या आणि वाकून ती रेघ बघायच्या. भरलेले मणी काढताना एकही सांडू द्यायच्या नाहीत. खाली पांढरी चादर अंथरायच्या, माझ्याच हातची धुतलेली. सांडलाच एखादा तर बोटाला थुंकी लावून उचलायच्या.

आता त्यांना भीती वेगळीच वाटायला लागली. मागं कधीतरी स्टोअरमधून त्या धातूची एक पिशवी चोरीला गेली होती, पोलीस आले होते. तेव्हापासून मॅडमच्या शेडमध्ये काहीतरी महाग आहे, हे शिपायापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माहीत. एका सकाळी शेडमधल्या, काळे मणी ठेवायच्या कपाटाचं कुलूप वाकलेलं दिसलं. गेलं काही नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी काळे मणी कपाटातून काढले आणि एका निळ्या ड्रममध्ये भरले. त्यावर पिवळा कागद चिकटवला, कवटीचं चित्र असलेला, घातक कचरा म्हणून लावतात तो. शेडच्या मागं गाळाचे ड्रम रांगेत असायचे, त्यावरही तेच कागद. हा ड्रम त्यांनी त्याच रांगेत भिंतीकडेला ठेवला. मी तो ढकलायला हात लावला, पण आत काय हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. खराब मणी टाकून देत असतील असं मी धरून चालले. नंतर त्यांनीच सांगितलं, "चोराला सगळं पाहिजे असतं कलाबाई, कचरा नको असतो."

दसरा जवळ आला. खंडेनवमीला आमच्या कंपनीत सगळ्या मशीनची पूजा होते. ज्याचं मशीन त्यानं धुवायचं, पुसायचं, हार घालायचा, हळदीकुंकू लावायचं. मॅडमही दरवर्षी कॉलमला हार घालायच्या. त्या वर्षी झेंडूचा हार घेऊन त्या स्टुलावर चढल्या तेव्हा रावसाहेबानं खालून विचारलं, "मॅडम, तुमच्यात चालतं का हे?"

"कॉलम माझा. हार पण माझ्याच पैशाचा. तू नारळ फोड."

"नारळाची करवंटी पण चाटून पुसून ठेवताल तुम्ही."

"पाणी सांडू नको, भांड्यात धर," त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळे हसलो. त्यांना इतकं मोकळं मी आधी पाहिलं नव्हतं. कॉलम अर्ध्याच्या खालपर्यंत काळा झाला होता. हे मणी आणि साठवलेले, दोन्ही मिळून पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. दिवाळीला अजून अवकाश होता.

त्या दिवशी मोठे साहेब घरच्यांना घेऊन पूजेला येणार होते. म्हणून कदम साहेबांनी आवार झाडून लख्ख करायला सांगितलं होतं. कचऱ्याची गाडी एरवी महिनाअखेरीला यायची. ती त्यांनी त्या दिवशीच बोलावून घेतली, साहेबांच्या बायकापोरांसमोर कवटीचे ड्रम नकोत म्हणून. कुणाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. शेडच्या पुढं मॅडम कॉलमला हार घालत होत्या, मागं माणसं ड्रम चढवत होती. गाडी भरून शेडवरून निघाली तेव्हा वाट अरुंद पडली. मॅडमनी स्वतःच स्टूल बाजूला ओढलं. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन त्याला पेढा दिला. म्हणाल्या, "घ्या भाऊ, सणाचं आहे." त्यानं तो कपाळाला लावून तोंडात टाकला.

सणाची सुटी संपून कंपनी उघडली. मॅडम सकाळी मागं गेल्या आणि परत आल्या.

"कलाबाई, मागचे ड्रम कुठं हलवले?"

"गाडीत गेले की मॅडम. पूजेच्या दिवशी."

"सगळे?"

"सगळे. जागा धुऊन घेतली आम्ही. गोल डाग पडले व्हते, ते पण घासले."

त्या पालथ्या बादलीवर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरलं, प्यायल्या नाहीत, उजेडाकडेही धरलं नाही. मग सगळं सांगितलं, सावकाश, जसं मिठाचं सांगितलं होतं तसं.

कदम साहेबांनी लगेच जीप दिली. तो कचरा पुण्याच्या बाजूला एका जागी नेऊन पुरतात. मॅडम तिथं गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. रावसाहेब आणि मी शेडमध्येच होतो.

"काय झालं मॅडम?"

"तिथं ड्रम रिकामे करतात. सगळं एकत्र करतात, चुना आणि सिमेंट घालून कालवतात. घट्ट झालं की खड्ड्यात. वर माती." त्या चिमटा काढून ओढणी नीट करत होत्या. "तिथला माणूस चांगला होता. मला मैदान दाखवलं. बोलला, मॅडम, इथंच आहे कुठंतरी."

रावसाहेबाला गप्प राहणं जमत नसे. तो समजूत घालायला म्हणून म्हणाला, "तुम्हीच म्हणता नं मॅडम, गेलं नाय, विरघळलंय."

"विरघळलं असतं तर काढलं असतं, रावसाहेब," त्या म्हणाल्या. "ते घट्ट झालंय."

केबिनमध्ये मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसलेल्या दिसल्या.

"मी तुमच्या बाजूनं आहे," कदम साहेब म्हणत होते. "पण वर काय सांगू? केमिस्टनं माल कचऱ्याच्या नावानं ठेवला आणि आपणच गाडी करून तो पुरायला पाठवला?"

"पाण्याचे रिपोर्ट आहेत साहेब. कॉलममध्ये काय गेलं, बाहेर काय आलं."

"हातावर ठेवते, असं तुम्हीच म्हणाला होता."

मॅडमनी मान हलवली. "कॉलममध्ये जे आहे ते आहे. दिवाळीपर्यंत पाणी चालू राहू द्या. त्यात जे बसेल ते."

"चालू ठेवा. मी कुठं नाही म्हणतो."

पण दसऱ्यानंतर ते औषधच बनायचं थांबलं. दुसऱ्या मालाची मागणी आली आणि त्यात तो धातू लागत नव्हता. पाणी येत होतं, मण्यांतून खाली जात होतं, त्यात काहीच नव्हतं. मॅडम रोज सकाळी वाकून रेघ बघायच्या. ती जिथं होती तिथंच. खालचे मणी मधाच्या रंगाचेच. झेंडूचा हार वाळून काळा पडला होता, तो मी एक दिवस काढून टाकला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अर्धा कॉलम काळा होता, तेवढे मणी तरी पाठवू, असं ठरवून त्यांनी मुंबईला फोन लावला. एवढ्याशा मालासाठी भट्टी पेटवता येत नाही, आणखी साठवा, असं तिकडून सांगितलं. मॅडम "ठीक है" म्हणाल्या आणि फोन बंद झाल्यावरही कानाला धरून राहिल्या.

दिवाळी झाली. कॉलम बंद करून पाणी पूर्वीसारखं सरळ मोठ्या टाकीत सोडायचं, असा निरोप आला. कदम साहेब स्वतः सांगायला शेडपर्यंत आले होते. आत आले नाहीत, दारात उभं राहून बोलले. पुढच्या महिन्यापासून ते औषध पुन्हा सुरू होणार हेही त्यांनीच सांगितलं. मॅडमनी विचारलं, "मग तोपर्यंत थांबू या का?" "दिवाळीपर्यंतच ठरलं होतं, मॅडम," असं म्हणून साहेब वळले.

रावसाहेब त्या दिवशी गावाला गेलेला. सरळ लाइनचा व्हॉल्व्ह कित्येक दिवस फिरवलेला नव्हता, गच्च बसला होता. मॅडमनी दोन्ही हातांनी जोर लावला, हलेना.

"कलाबाई, हात लावा."

मी लावला. त्यांचे हात आत आणि माझे बाहेर. मला तो फिरायला नको होता आणि तरी मी जोर लावत होते. एकदम कर्र आवाज झाला आणि तो फिरला. पाइपातून पाणी गेल्याचा आवाज आला. कॉलममधलं पाणी हळूहळू खाली बसत गेलं, मणी उघडे पडले. मॅडमनी तळहात पाहिले, गंज लागला होता. नळावर धुतले आणि नळ बंद केला.

शेडमध्ये केमिस्टचं काम उरलं नव्हतं. त्यांना दुसरीकडं कागदपत्रं बघायला बसवणार होते, पण त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी सुटीच्या वेळी आम्ही बायका गेटवर रांगेत होतो. बाहेर पडताना प्रत्येकीची पिशवी तपासतात. स्टोअरमधल्या त्या चोरीपासून हा नियमच आहे. मॅडम माझ्या पुढं होत्या. गेटवरची बाई त्यांना ओळखणारी. ती म्हणाली, "जावा मॅडम, तुमचं काय तपासायचं."

मॅडम गेल्या नाहीत. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, उघडली आणि उलटी केली. चष्म्याचं घर, रुमाल, बसचा पास, गोळ्यांची पट्टी. मग डबा काढला. एकेक कप्पा सुटा केला, पालथा घातला आणि टेबलावर टकटक वाजवला.

"देख लो," त्या म्हणाल्या. "नीट बघा बाई. काही नाही यात."

गेटवरच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. बाहेर शहराकडची बस हॉर्न देत होती. मॅडम डब्याचे कप्पे पुन्हा एकावर एक रचत राहिल्या, आणि मागची रांग कुरकुरायला लागली.